सह्या आधी, ठराव नंतर

४ सप्टेंबर, सोमवार

लसीकरणाला आज अकरा बाळं आली. पहिलीच आई दारातून आत डोकावली आणि म्हणाली, "सुकेशनीताई न्हाईत का?"

मी समोर बसलेली! टेबलावर कार्डं, हातात पेन — आणि ही माझ्या डोक्यावरून आत बघतेय. म्हटलं, नाहीत. मी आहे, चालेल का? तर म्हणते, "चालतंय की." चालतंय! ही स्वतः पायाळू जन्मली, याच खोलीत, माझ्या हातांवर. मी इथे आले त्याच वर्षी.

एकवीस वर्षं झाली हिवरखेड्याच्या या उपकेंद्रात. भिंतींचा रंग तीनदा बदलला, वरच्या केंद्रातले डॉक्टर नऊ बदलले, नर्स तीच — राजेश्री सिस्टर. गुडघे तेवढे गेले. म्हणून जूनपासून केंद्रानं घरोघर फिरायला एक पोरगी दिली. करारावर. 'भेट देणारी परिचारिका' असं तिच्या ऑर्डरवर लिहिलंय. डॉक्टरसाहेब म्हणाले, सिस्टर, तुम्हाला मदतीला.

तीन महिन्यांत मीच तिच्या मदतीला आहे असं वाटायला लागलंय.

७ सप्टेंबर

दिवसभरात 'सुकेशनी' हे नाव चौदा वेळा ऐकलं. माझं एकदा. तेही साहेबांनी फोन करून रजिस्टर कुठे ठेवलंय ते विचारलं तेव्हा.

११ सप्टेंबर, सोमवार

आज मुद्दाम तिच्या स्कूटीवर मागे बसून चांगुणाबाईंच्या आखाड्यावर गेले. म्हटलं बघू तरी, काय जादू करते ही!

चांगुणाबाई गावात राहत नाहीत. तीन किलोमीटरवर शेतातच घर आहे. त्या, मुलगा, सून साक्षी आणि दोन नातवंडं. पाऊस झाला की काळ्या मातीची ती वाट अशी होते की चपला हातात घेऊन चालावं लागतं. बारा वर्षांची साखर आहे त्यांना. जुलैपासून उजव्या अंगठ्याखाली जखम. साक्षी जीव लावणारी आहे, पण जखम बघितली की तिला भोवळ येते. म्हणून सुकेशनी दिवसाआड जाऊन पट्टी करते.

मला बघून चांगुणाबाई म्हणाल्या, "या नर्सबाई." एवढंच. आणि मग तिच्याकडे वळून — "कवाधरनं वाट बघायले माय तुजी. च्या ठिवलाय."

माय! मला नाही कधी माय म्हटलं. याच घरात साक्षीची दोन्ही बाळंतपणं केली मी. दुसऱ्या वेळी तर ओढ्याला पाणी होतं, साडी खोचून आले होते. नर्सबाई ती नर्सबाईच राहिले.

सुकेशनीनं पाय मांडीवर घेतला. सलाईननं धुतला, हळूहळू टिपला, गॉज ठेवला, पट्टी बांधली. म्हातारीला कुठे दुखतं ते न विचारता कळतं तिला. हात चांगला आहे. लिहायला नको वाटतंय तरी लिहिते — माझ्यापेक्षा चांगला आहे. जखमेत लालसर नवं मांस दिसत होतं. महिनाभरात भरेल.

आणखी एक लिहिते. इथे कोण बघतंय! सुकेशनी बौद्ध आहे. जूनमध्ये रुजू झाली तेव्हा मला वाटलं होतं, चांगुणाबाईंचं जुनं घर, जुनी माणसं — ती काही हिला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. वाटलं होतं म्हणजे काय, तशी आशाच होती. आज ती त्यांच्या बाजेवर बसून त्यांच्याच ताटातली भाकरी खात होती. म्हातारी बदलली, आणि मी शिकलेली बाई खुर्चीत बसून तिचे घास मोजत होते. लाज वाटली. पण जळणं काही थांबलं नाही. दोन्ही बरोबरच चालू होतं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

महालक्ष्म्यांचं जेवण. दरवर्षी चांगुणाबाईंकडे सवाष्ण म्हणून मी असते. यंदाही बोलावणं आलं. साक्षीनं ओटी भरली, ताट वाढलं, सगळं रीतसर. पहिला घास घेतला आणि आतून आवाज — "साक्षे, आदी सुकेशनीचा डबा भर. पोळ्या मधल्या घाल, मऊ. पोरगी खोलीवर एकटी ऱ्हाती."

मधल्या, मऊ! माझ्या ताटातल्या कडक होत्या. निदान मला तशा लागल्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पोळीला कड असतेच." शाळामास्तर तो शाळामास्तरच. निवृत्त झाला तरी गुण जात नाही.

२४ सप्टेंबर

पुण्याहून अर्पिताचा फोन. सुकेशनीचं सगळं सांगितलं लेकीला — कशी पुढे पुढे करते, कशी माणसांना लाडावून ठेवते, चार बायकांसमोर कशी मुद्दाम विचारते, "मॅडम, हे बरोबर हाय का?" जणू माझी परीक्षाच घेतेय.

अर्पितानं ऐकून घेतलं. म्हणाली, "आई, तू जळतेस तिच्यावर."

उचलली जीभ लावली टाळ्याला! फोन ठेवून दिला.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

मंगळवारी वरच्या केंद्रात रुग्ण कल्याण समितीची सभा. विषय क्रमांक चार — 'भेट देणाऱ्या परिचारिकेने घरी जाऊन नेमके काय काम करावे.' भुजंगरावांनी अर्ज दिलाय. फाट्यावर मेडिकल आहे त्यांचं, आणि समितीतही आहेत. अर्जात म्हणतात, नर्स लोकांच्या घरात उपचार करते, उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? केवढी ती जनतेची काळजी! मी नाही त्यातली आणि कडी लाव आतली. सुकेशनी घरी येऊन पट्टी करते म्हणून यांच्या दुकानाची पायरी कुणी चढत नाही, हे खरं दुखणं.

पण अर्ज वाचून मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सभा अकराची. सुरू झाली साडेबाराला.

पहिलं काम सह्यांचं. आमच्या समितीची जुनी रीत आहे ही. माणसं आली की चहा येतो आणि चहाबरोबर इतिवृत्ताची वही फिरते. कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांनी सह्या करायच्या, मग बोलायला सुरुवात. कारण बोलणं संपेपर्यंत कुणी थांबत नाही. कुणाला जिंतूरची एसटी, कुणाच्या रानात मजूर. ठराव मागून लिहायचे. लिहिणारी मी. अक्षर चांगलं म्हणून नऊ वर्षांपासून वही माझ्याकडे. लिहिलेलं उघडून कुणी बघत नाही.

अध्यक्ष दत्तराव. माजी सभापती, दिसायला उग्र, आतून भोळे. विषय चार आल्याबरोबर भुजंगराव उभे राहिले. "नर्सचं काम नोंदी घ्यायचं. पेशंट दवाखान्यात आला पायजे. इथं दवाखानाच पेशंटच्या घरी जायलाय! हे कुठल्या कायद्यात बसतंय?"

दत्तराव म्हणाले, "भुजंगराव, माजी आई दोन साल खाटेवर व्हती. कशी आनायची व्हती दवाखान्यात? खाटंसगट?"

सगळे हसले. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, सुई आणि सलाईन घरी नको, त्यात धोका आहे, मी त्याला हो म्हणणार नाही. पण पट्टी, बीपी, शुगर, मी लिहून दिलेली गोळी — हे घरी का होऊ नये?

"आन पट्टीच चुकीची केली तर?" भुजंगराव.

मग सुकेशनीला विचारलं. तिला मुद्दाम बोलावलं होतं. उभी राहिली, ओढणी सावरली. "मला नेमकं सांगा सर. जेवढं सांगताल तेवढंच करीन. पण आखाड्यावरच्या माणसानं इथपर्यंत यायचं कसं, तेबी सांगा." बसली.

एवढंच बोलली! तीन वाक्यं. आणि दत्तरावांनी टेबलावर हात आपटला — "बास! पोरगी खरं बोलायली."

ठरलं. घरी सुई नाही, सलाईन नाही. पट्टी, बीपी, शुगर आणि चिठ्ठीप्रमाणे गोळ्या — घरी. सर्वानुमते. भुजंगरावसुद्धा हो म्हणाले, त्यांची एसटी आली होती.

मला कुणी विचारलं नाही. एकवीस वर्षं ज्या घरांचे उंबरे मी झिजवले, त्या घरांत नर्सनं काय करायचं ते ठरत होतं, आणि मी कोपऱ्यात मांडीवर वही घेऊन बसलेली. मला विचारा ना! पट्टी करावी की नाही, मला विचारा! निघताना दत्तराव माझ्याकडे वळले. वाटलं, आता विचारतील. म्हणाले, "सिस्टर, ठराव तेवढा झ्याक लिवा."

४ ऑक्टोबर, बुधवार

वही घरी आणली. पान कोरं, खाली सात सह्या.

तीन विषय जसे झाले तसे लिहिले. चौथा असा लिहिला —

'भेट देणाऱ्या परिचारिकेने गृहभेटीत फक्त नोंद घ्यावी, सल्ला द्यावा व गरजू रुग्णास केंद्रात पाठवावे. घरी सुई, सलाईन, पट्टी अथवा अन्य कोणताही उपचार करू नये. सर्वानुमते मंजूर.'

अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं.

मनाला सांगितलं — नियमानं बघितलं तर हेच बरोबर. त्या पोरीच्याही भल्याचंच आहे. करारावर आहे, उद्या कुणाची जखम चिघळली तर पहिली गदा तिच्यावरच. मनाला काय, सांगावं ते ऐकतं.

९ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांनी न वाचता सही करून शिक्का मारला. नेहमीसारखं. मोबाईलवर जिल्ह्याची मीटिंग चालू होती त्यांची.

प्रत सुकेशनीला मीच दिली. तिनं उभ्यानंच वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी कपाट आवरत होते. वाटलं, आता म्हणेल, सभेत असं ठरलं नव्हतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं — मोठ्या माणसांनी मागून बदल केला, तुला-मला कोण विचारतंय! पण ती म्हणाली, "बरं मॅडम." पिशवीतली गॉजची पाकिटं आणि पट्ट्या काढून कपाटात ठेवल्या. गेली.

एवढं सोपं!

१६ ऑक्टोबर

गेला आठवडा छान गेला. बायका परत माझ्याकडे यायला लागल्यात. "नर्सबाई, तुमचंच बरं हाय. ती आता नुसतं लिवून घिऊन जाती." मी म्हटलं, अगं, तिला वरून तसं सांगितलं असेल, पोर गुणी आहे. केवढं मोठं मन माझं! नव्याचे नऊ दिवस, हे मात्र मनातल्या मनात.

आज दोन भाकरी खाल्ल्या.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

सुकेशनी म्हणाली, "मॅडम, चांगुणाआजीला केंद्रात न्या म्हणून दर खेपेला सांगायले, आजून नेलं न्हाई. तुमी एकदा पाय बघताव का?"

म्हटलं, बघते.

२१ ऑक्टोबर

आखाड्यावर जायचं राहिलं. गुडघे. उद्या.

२४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला अर्धं गाव येऊन गेलं. साक्षी आली नाही. दरवर्षी येते. कापसाची वेचणी सुरू झालीय, वेळ नसेल.

उद्या नक्की जाते.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

साक्षीच आली. डोक्याला वेचणीचं फडकं तसंच. "नर्सबाई, आत्याबाईच्या पायाला वास यायलाय."

ह्यांच्या मोटारसायकलवर गेले. पायाला जुन्या लुगड्याचा फडका गुंडाळलेला. सोडला. अंगठा काळा. शेजारचं बोट काळं. सूज घोट्याच्या वर. अंगात ताप.

मी साक्षीवर ओरडले! केंद्रात का नेलं नाही म्हणून! मी ओरडले, मी! ती रडायला लागली. वेचायला बाया मिळेनात म्हणून दोघं नवराबायको दिवसभर कापसात. एकदा गाडीवर बसवून निघाले तर ती गाळात रुतली. ताई दर खेपेला सांगत होत्या, केंद्रात न्या. पण आत्याबाईच हटून बसल्या — सुकेशनी येती की, तीच करील, तिला ठाव हाय. वाट बघत बसल्या. अठरा दिवस.

चांगुणाबाईंनी माझं मनगट धरलं. हात भाजत होता. "नर्सबाई, पोरगी येती, इच्यारती, पर पायाला हात लावना गेली. माजं काई चुकलं का वं? माज्या तोंडून काई गेलं का? रुसली का ती?"

म्हटलं, वरून हुकूम आलाय.

"कुन्या मेल्यानं दिला?"

मी खाली मान घालून पाय पुसत होते. वर बघितलं नाही.

ॲम्ब्युलन्स बोलावली. परभणीला पाठवलं.

२८ ऑक्टोबर

जेवले नाही. ह्यांनी विचारलं. पित्त झालंय म्हटलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

परभणीला जाऊन आले. अंगठा आणि दोन बोटं काढलीत. पाय वाचला. तिथला डॉक्टर तरणा पोरगा, सहज बोलता बोलता म्हणाला, "दहा-बारा दिवस आधी आणायला पाहिजे होतं." मी मान हलवली. नर्स आहे मी, मला ते कळत होतं. नऊ तारखेलाच कळत होतं.

कॉटजवळ सुकेशनी. रजा टाकून आलेली. वाटीतली पेज चमच्यानं भरवत होती. आणि इतकं सगळं होऊनही, बोटं जाऊनही, माझ्या मनात पहिलं काय आलं? इथेही हीच! माझ्या आधी!

माझी मलाच किळस आली. मोसंबी उशाशी ठेवली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. सुकेशनी पाठोपाठ पाण्याची बाटली घेऊन आली. "मॅडम, लय दगदग करून आलाव तुमी. गुडघे दुखायलेत का?" मी पाणी प्याले. तिला सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. दोनदा पाणीच प्याले.

१३ नोव्हेंबर

दिवाळीला अर्पिता आलीय. म्हणाली, "आई, हल्ली सुकेशनीचं काही बोलत नाहीस?"

म्हटलं, तेल तापलंय, करंज्यांकडे बघ.

२० नोव्हेंबर

चांगुणाबाईंना घरी आणलं. सुकेशनी रोज जाते आणि दारात उभी राहून ताप विचारते. नव्या पट्टीसाठी त्यांना गाडीत घालून केंद्रात नेतात, येतात. धक्क्यांनी टाके दुखतात. साक्षी सांगत होती.

मी काय करू? ठराव आहे ना!

४ डिसेंबर, सोमवार

उद्या सभा. पहिला विषय कायमचाच — 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' नऊ वर्षांत ते कधी वाचलं गेलं नाही. साहेब 'कायम' म्हणतात, माना हलतात, पुढचा विषय.

उद्या मी वाचणार. आणि सांगणार. खाई त्याला खवखवे म्हणतात, दोन महिने नुसतं खवखवतंय. आता गिळवत नाही.

नोकरी जाईल का? चार वर्षं राहिलीत. लोक काय म्हणतील? जे आहे तेच म्हणतील. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं!

चहा झाला, सह्या झाल्या. सुकेशनीला या वेळी बोलावलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, मागचं कायम, विषय दोन. मी उभी राहिले. माझे गुडघे असे वाजले की मलाच ऐकू आलं. ठराव क्रमांक चार मोठ्यानं वाचला. मग म्हटलं, हा ठराव तुम्ही केलेला नाही. हा मी केला. तुम्ही म्हणालात घरी पट्टी करावी, मी लिहिलं करू नये. चुकून नाही, ठरवून. लोक माझ्याकडे यायचे ते तिच्याकडे जायला लागले, मला ते सहन झालं नाही. चांगुणाबाईंची तीन बोटं त्यात गेली.

कुणी कप खाली ठेवेना.

आधी भुजंगराव बोलले. "मला वाटलं, साहेबांनी मागून घातलं आसंल."

साहेब म्हणाले, "मला वाटलं, अध्यक्षांनी सांगितलं असेल."

दत्तराव म्हणाले, "मला तर कुनी दावलंच न्हाई."

मला वाटलं आता ओरडतील, चौकशी लावतील, वही काढून घेतील. मी तयार होते. खरं तर तेच हवं होतं मला. पण भुजंगराव पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "आता हे वर कळवायचं म्हंजी, सह्या आदी आन लिखान मागून हुतं, हेबी कळवावं लागंल."

सातही जणांनी वहीकडे बघितलं. नऊ वर्षं आहेत तिच्यात. शेडचं, टाकीचं, कुंपणाचं — सगळंच तसंच लिहिलेलं.

दत्तरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सिस्टर, बसा. तुमची तब्येत बरी दिसना. वय झालं, दगदग हुती. जे लिवलं तेच ठरलं. कायम."

"कायम," सगळे म्हणाले.

मी म्हटलं, अहो, त्या म्हातारीला रोज गाडीत घालून आणतात! तर म्हणाले, फुडच्या सभेत बघू. फुडची सभा मार्चमध्ये.

पंधरा मिनिटांत खोली रिकामी. कप, खुर्च्या आणि मी. रडले थोडी. मग वही उचलली. आजचं पान — वर कोरं. खाली सात सह्या.

६ डिसेंबर, बुधवार

लिहिलं.

'मागील सभेतील ठराव क्र. ४ लिहिणाऱ्याच्या द्वेषबुद्धीमुळे चुकीचा नोंदला गेला होता, तो रद्द करण्यात येत आहे. भेट देणाऱ्या परिचारिकेने रुग्णाच्या घरी पट्टी, बीपी व शुगर तपासणी करावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे गोळ्या द्याव्यात. घरी सुई व सलाईन देऊ नये. सर्वानुमते मंजूर.'

'द्वेषबुद्धी' खोडावीशी वाटली. पेन टेकवलाही. पण ठेवली.

खाली माझी सही केली. लिहून झाल्यावर.

साहेबांकडे नेली. आज त्यांनी वाचलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वाचलं! चष्मा काढला, पुसला, परत घातला. 'द्वेषबुद्धी'वर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही. त्यांनी सही केली, शिक्का मारला, वही माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "मी काही वाचलेलं नाही सिस्टर. नेहमीसारखं."

उद्या सुकेशनीला प्रत देणार. तिलाही सांगणार सगळं. ओरडू दे, शिव्या देऊ दे. ऐकून घेईन.

७ डिसेंबर, गुरुवार

प्रत दिली आणि तिनं ती उघडायच्या आधीच सांगितलं. मीच लिहिला होता तो पहिला ठराव.

सुकेशनी म्हणाली, "मला ठाव हाय मॅडम. त्याच दिवशी कळलं. मी सभेतच व्हते ना."

मग बोलली का नाहीस, म्हटलं.

"मला वाटलं, माझ्या हातानं आजीची जखम बिघडायली. ते तुमाला दिसलं, आन चार माणसांत माझी लाज जाऊ नये म्हणून तुमी कागदावर थांबवलं. एकवीस वर्षं काम केलेलं माणूस उगंच कशाला थांबवंल?"

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पिशवीतून वही काढली, पेन काढला.

"आता तरी सांगा मॅडम. पट्टीत माझं काय चुकायलं व्हतं?"